वाघाच्या वर्षाची बाई

"तू सशाच्या वर्षाची नाहीसच, उनरुअन," स्तूपासमोर गुडघे टेकता टेकता थोरली बहीण बुआचूम म्हणाली. "वाघाची आहेस."

"ताई, देवळात थट्टा नको."

"थट्टा कसली! तू झालीस तेव्हा मी नव्या वर्षाच्या सणाला देवळात वाहायची वाळू नदीवरून आणत होते. वर्ष पालटायला एक रात्र बाकी होती. आई म्हणाली, गप्प बस. वाघाच्या वर्षाची सून कोण घेईल घरात?"

ससा.

बारा वर्षं, बारा प्राणी, ज्याचा त्याचा स्तूप. जीव तिथून येतो, मेल्यावर तिथेच जातो. सशाचा स्तूप इथे नान गावात, नदीपलीकडच्या टेकडीवर. ऊन चढलं की त्याचं सोनं थेट उनरुअनच्या नूडल्सच्या गाडीवरून दिसे. ती आणि नवरा इनपान, दोघंही सशाची. दर पौर्णिमेला जोडीनं इथे. भांडण झालेलं असलं तरी. तेव्हा तो चार पावलं पुढे चालायचा, एवढंच. गेल्या पावसाळ्यात तो गेला, आणि तिला रडू आवरलं ते एवढ्यासाठीच, की त्याचा पत्ता ठाऊक होता.

"आत्ता का सांगितलंस?"

"आज आहे, उद्या नाही मी. तू चुकीच्या दारात उभी राहायला नको."

जवळच बसलेले देवळातले भंते हसून म्हणाले, "मन निर्मळ असलं की सगळे स्तूप आपलेच."

"त्यांचं काय जातंय," बाहेर येताच बुआचूम पुटपुटली, "त्यांना कुठे नवरा गाठायचाय!"

वाघ.

वाघाचा स्तूप फ्रे गावात, घाटापलीकडे. उनरुअनने गाडी बंद ठेवली आणि बस धरली. बुआचूम वाटभर कुरकुरत होती.

"तिथे आपलं आहे कोण?"

"कोणी नाही. म्हणूनच ओळख करून ठेवायला हवी."

"आणि इनपान?"

"त्याला घरातला चष्मा कधी सापडला नाही, ताई. तो मला काय शोधणार?"

सागाच्या झाडांतून स्तूप एकदम समोर आला तशी उनरुअन थबकली. हाही सोन्याचाच. किती देखणा! आपलं घर इतकं देखणं आहे, हे इतक्या उशिरा कळावं?

उनरुअनने फुलं ठेवली. हात जोडले.

"मी नवी आहे," ती हळूच म्हणाली. "यायला उशीर झाला. सशाच्या वर्षाचा एक माणूस विचारत येईल. वाट चुकत येईल, पण येईल. त्याला परत पाठवू नका."

मग ती चटईवर थोडी सरकून बसली, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.