पुंजारामच्या घरातली पिल्लं

दिवाळी सरली, ऊसतोडीच्या गाड्या गेल्या, आणि शेवगावजवळच्या त्या वस्तीवर कुलपं तेवढी उरली. सुकन्याच्या शेजारचं पुंजारामचं घरही बंद होतं. त्याच घरातून भर दुपारी रडणं ऐकू येऊ लागलं. बारीक, तान्ह्या लेकरासारखं.

पुंजारामची आई बनुबाई घरासमोरच्या छपरात राहायची. किल्ली तिच्याकडेच होती. तीही ते रडणं ऐकत होती, पण कुलूप काढायचा धीर होत नव्हता. तिची तान्ही नात गेल्या साली त्याच घरात दगावली होती.

सुकन्यानं किल्ली मागून घेतली. आत अंधार होता. कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या पाळण्यात मांजरीची तीन पिल्लं होती. अंगापिंडानं डोळे उघडायच्या वयाची, पण पापण्या चिकटलेल्या आणि हरभऱ्याएवढ्या फुगलेल्या. पिल्लू रडलं की तो फुगवटा आतून कुणी ढकलल्यासारखा हलायचा. मांजर पाळण्याबाहेर बसून नुसतं बघत होतं.

“उघडू नको त्यांचे डोळे,” बनुबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाली. “त्यास्नी हितलं काय बघायचं न्हाई.”

सुकन्यानं बोट लावलं, तर पापणीच्या कोपऱ्यातून पिवळा थेंब आला. त्याला वास होता. तिनं मांजरीसकट पिल्लं टोपलीत घेतली आणि रिक्षा बोलावली. बनुबाईही रिक्षात येऊन बसली. टोपली तिनंच मांडीवर घेतली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापण्यांवर बराच वेळ धरला. पापण्या सैल झाल्या तसा आतला पू वाहू लागला. डॉक्टरांनी डोळे धुऊन मलम घातलं. मिटलेली पापणी अशी फुगली किंवा चिकट पाणी आलं, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी आणायचं, आणि घरी नखानं उघडायला जायचं नाही, असं त्यांनी बजावलं. दोन पिल्लांचे डोळे वाचले. तिसऱ्याचा डावा डोळा आतल्या आत फुटला होता.

“आदी आनलं आसतं तर?” बनुबाईनं विचारलं.

“वाचला असता, आजी.”

परतताना म्हातारी रस्ताभर रडत होती. सुकन्यानं तिचा हात धरून ठेवला. कारण विचारलं नाही.

त्या दिवसापासून बनुबाई छपर सोडून पिल्लांसोबत पुंजारामच्या घरातच राहू लागली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मलम घालायची, पापण्या पुसायची. पिल्लं रांगायला लागली.

एका दुपारी सुकन्या दूध घेऊन गेली. दोन पिल्लं आईला लुचत होती. एकडोळं पिल्लू मात्र आंधळी बाजू दार आणि चुलीमधल्या मोकळ्या जागेकडे करून बसलं होतं. तिकडे काहीच नव्हतं. तरी त्याची मान हळूहळू वळत होती, दारापासून चुलीपर्यंत, कुणी रांगत गेल्यासारखी.

“रोज ह्याच टायमाला,” बनुबाई हलक्या आवाजात म्हणाली.

मग ती जरा बाजूला सरकली आणि शेजारची जागा पदरानं झाडून ठेवली.