साठ सेकंद काही न करणं

"चिमटे तुमच्याकडेच ठेवा," मोठ्या सिस्टर नव्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "माझ्या हातात देऊ नका."

बाळ नऊ आठवडे आधीच निघालं होतं. अशा बाळाची नाळ लगेच कापायची नाही, निदान एक मिनिट थांबायचं, असा आता नियम होता. तेवढ्या वेळात वारेतलं त्याच्या वाट्याचं रक्त त्याला मिळतं. नियम सिस्टरना पाठ होता, हातांना नव्हता. एकतीस वर्षं त्या हातांनी बाळ बाहेर येताच दोन चिमटे लावून मधे कात्री चालवली होती आणि त्या चपळाईचं कौतुकही ऐकलं होतं. गेल्या आठवड्यात एका एवढ्याशा बाळाची नाळ त्यांनी नियम आठवायच्या आत कापली. त्या बाळाला नंतर दोनदा रक्त द्यावं लागलं. तेव्हापासून ड्युटी संपली की सिस्टर त्याच्या काचेच्या पेटीपाशी जाऊन उभ्या राहत.

म्हणून आज त्यांनी बाळ धरायचं काम मागून घेतलं. दोन्ही हात अडकलेले बरे.

दोन कळांच्या मधे आईनं विचारलं, याला एवढी घाई कसली. बापावर गेलं असेल, सिस्टर म्हणाल्या. बाप उशाशी उभा होता. त्यानं मुकाट्यानं मान्य केलं.

बाळ आलं ते ओंजळभर. सिस्टरनी ते गरम टॉवेलात घेतलं आणि हलकेच पाठ पुसू लागल्या. डॉक्टरीणबाई भराभर मोजत सुटल्या.

"गाडी सुटतेय का? घड्याळाबरोबर मोजा."

वीस झाले. बाळ निळसर होतं, गप्प होतं. सिस्टरचा उजवा हात टॉवेलाखाली वळवळला.

"सिस्टर, रडत नाहीये. कापू?"

सिस्टरनी नाळेला करंगळी टेकवली. ठोका लागत होता, सावकाश, भरदार.

"अजून येतंय त्याला. थांबा."

त्या पाठ चोळत राहिल्या. सव्विसाव्या सेकंदाला बाळ शिंकलं. मग त्यानं बारीक, चिडका सूर लावला आणि छातीपासून पायांपर्यंत गुलाबी होत गेलं. आवाज मात्र आईचा, बाप म्हणाला, आणि आई रडता रडता हसली.

"साठ."

"आता कापा," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर बाकावर बाळाची आजी होती. बाळाला काचेच्या पेटीकडे नेत असताना त्याचा गुलाबी रंग तिनं पाहिला होता. कसलं इंजेक्शन दिलंत, तिनं विचारलं.

"काही नाही दिलं. एक मिनिट थांबलो."

"नुसतं थांबायला एवढं शिकावं लागतं होय?"

"लागतं हो, आजी. मला तर एकतीस वर्षं लागली."

आजी हसली आणि बाकावर जरा सरकली. ड्युटीवर असताना सिस्टरना बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्या तिच्या शेजारी बसल्या, पाय लांब केले, आणि कुणी हाक मारेपर्यंत उठल्या नाहीत.