चुना लावलेलं झाड

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे, उद्यानाच्या कडेने जाणारा. गोड बोलणं मला जमत नाही. जन्मभर चाकं अंगावर घेतली की माणूससुद्धा दगड होतो, मी तर मुळातच खडीचा.

आधी मी घोडागाडीपुरता होतो. मग डांबर आलं, बसगाड्या आल्या. "काय देखणा रस्ता!" असं लोक म्हणायचे. देखणी होती ती उद्यानातली झाडं, पण कौतुक मी खाल्लं. पुढे गाड्या वाढल्या आणि तेच लोक मला बोळ म्हणून नाकं मुरडू लागले. शेवटी मला रुंद करायचं ठरलं. कुंपणालगतची झाडं जाणार होती. खरं सांगतो, मला आनंद झाला.

उद्यानाच्या माळ्याने मात्र इंजिनिअरचे पाय धरले. "साहेब, फाटकाजवळचं एवढं एक ठेवा. बायको त्याच्या सावलीत फुलं विकते. तिला ऊन सोसत नाही, डॉक्टरांनी बजावलंय."

साहेब भला होता. "बरं, ते राहू दे. फक्त ओळखू येईल अशी खूण कर."

माळ्याला आभाळ ठेंगणं झालं. माळी लोक जपायच्या झाडाच्या बुंध्याला चुना लावतात, म्हणजे वाळवी चढत नाही. त्यानेही लावला, चांगला कमरेइतका उंच. मग निश्चिंत मनाने तो रोपं आणायला गावाबाहेर गेला.

साहेबांनी मुकादमाला निरोप धाडला, "खूण केलेलं झाड तेवढं बघून घ्या." तोडणाऱ्यांच्या धंद्यात चुन्याची खूण म्हणजे पहिली कुऱ्हाड.

"याला तर रंगवूनच ठेवलंय," मुकादम हसला. "इथूनच सुरू करा."

माळी परतला तेव्हा बायको आडव्या खोडावर बसली होती, टोपली मांडीवर घेऊन, रणरणत्या उन्हात.

"खूण कुणी केली?"

"मी."

"बरं जपलंत," ती म्हणाली.

फाटक सोडून फुलं घेतो कोण? म्हणून ती तिथेच बसत राहिली. छत्री गाड्यांच्या वाऱ्याने उलटायची. उन्हाळा सरायच्या आत ती माझ्या अंगावर कोसळली आणि उठली नाही. मी भाजत होतो. डांबराला दया येऊन ते गार होत नसतं. रुंद झाल्यामुळे माझं मात्र सगळीकडे नाव झालं.

मित्रांनो, एखादी गोष्ट जपायची असेल तर नुसती खूण करून जाऊ नका. कुऱ्हाड येईल तेव्हा तिथे उभे राहा. माळी आता रोज येऊन उभा राहतो. जपायला तिथे काही उरलेलं नाही, आणि मागून गाडीवाले ओरडतात, "ए म्हाताऱ्या, बाजूला हो!"