न मोजता लिहिलेलं पत्र

"हे ऐक," बाळाजी गायधनींनी स्वयंपाकघराच्या दिशेनं आवाज दिला. "'आपण ज्या बादलीने झरा मोजलात, ती कोणत्या प्रयोगशाळेत प्रमाणित करून घेतली होती? घड्याळ कोणाच्या मनगटावरचे? या हिशेबाने उद्या वाटीने गोदावरीही मोजता येईल.' कसं वाटतं?"

"कुणाला लिहिताय एवढं?" उत्तराबाईंनी आतूनच विचारलं.

"सुरगाण्याकडचा एक प्राथमिक शिक्षक आहे. हिरामण गावित. म्हणतो, डोंगरावर खडीची खाण सुरू झाल्यापासून पाड्याचा झरा आटत चाललाय. आणि पुरावा काय, तर बादली!"

"मग नीट समजावून सांगा ना त्याला."

"तेच तर करतोय," असं म्हणत बाळाजींनी पत्र पाठवून दिलं आणि फोन मोकळा करण्यासाठी इंटरनेट बंद केलं.

२००४ सालच्या डिसेंबरातला तो रविवार होता. बाळाजी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात गेज रूमचे, म्हणजे मोजमाप तपासणाऱ्या विभागाचे, प्रमुख होते. शाफ्ट असो, बेअरिंग असो, बाळाजींची सही झाल्याशिवाय माल गेटाबाहेर जात नसे. एका केसाच्या जाडीत ते दहा भाग पाहत. चुलतभाऊ पंचवटीत यजमानकृत्य करायचे. बाळाजी त्यांना सणावारी हसून म्हणायचे, "मोजल्याशिवाय मी काही मानत नाही बुवा." दोन वर्षांपूर्वी मुलीनं, तेजश्रीनं, त्यांना 'चिकित्सक मंडळ' नावाच्या ई-मेल गटात घालून दिलं होतं. तिथं चारशे मराठी माणसं विज्ञानावर वाद घालत. चुंबकाचं पाणी, मंतरलेल्या अंगठ्या, पाण्यावर चालणारी मोटारसायकल, असले दावे आले की सगळे गायधनी सरांची वाट बघत. कारखान्यात तीस वर्षं त्यांच्या सहीला मान होता, पण टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. इथं पडत.

त्या संध्याकाळी तर एकोणीस उत्तरं आली. कुणी लिहिलं, 'सर, षटकार!' कुणी 'बादलीशास्त्र' असा शब्दच काढला. गावितांचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं: 'बादली घरची आहे. घड्याळ माझे आहे. माझे चुकत असेल तर कसे मोजायचे ते सांगावे.' त्यावर बाळाजींनी लिहिलं, 'दावा करणाऱ्यानेच ते शिकून घ्यायचे असते.' पुन्हा हशा.

बुधवारी रात्रपाळीवाल्यांचा एक वाद मिटवायला बाळाजी उशिरापर्यंत कारखान्यात थांबले, आणि गुरुवारी घरी असताना सहज म्हणून गावितांचं मूळ पत्र त्यांनी पुन्हा उघडलं. या वेळी ते तळापर्यंत वाचलं. पहिल्यांदा वाचलं नव्हतं. बादलीपाशीच त्यांना हसू फुटलं होतं.

पत्रात आकडे होते. पंधरा लिटरची बादली, दर वर्षी एप्रिलचा दुसरा रविवार, पाच-पाच वेळा भरून काढलेली सरासरी. २००१ साली चाळीस सेकंद. पुढच्या वर्षी बेचाळीस. मग खाण सुरू झाली. २००३ला एकाहत्तर, २००४ला एकशे अठरा. आणि अगदी शेवटी: 'पाऊस कमी झाला म्हणून झरा आटला असे कोणी म्हणेल. म्हणून डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा, खाणीपासून लांबचा झराही त्याच बादलीने मोजला. चार वर्षांचे आकडे: छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न, छप्पन.'

बाळाजी खुर्चीत मागे टेकले. आपण विचारायला हवा होता तो प्रश्न या माणसानं स्वतःला आधीच विचारला होता. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. घड्याळ सुरू-बंद करताना जातील दोन सेकंद. बादलीच्या काठाशी अर्धा लिटर इकडे-तिकडे. सगळं मिळून फार तर चार-पाच सेकंदांची चूक. आणि फरक? अठ्ठ्याहत्तर सेकंदांचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेज रूममधल्या संध्याला कशाचे ते न सांगता नुसते आकडे दाखवले. संध्या निकुंभ त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम करत होती.

"यात विचारायचं काय सर?" ती म्हणाली. "चूक पाचाची आणि फरक अठ्ठ्याहत्तरचा. आपला शाफ्ट असता तर तुम्ही दुसऱ्यांदा बघितलाही नसता, सरळ लाल रंग मारून बाद केला असता. कशाचे आहेत?"

"असंच. एकाचे."

त्याच संध्याकाळी लिहून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. संगणक उघडला तर गटात कुणीतरी 'बादलीशास्त्राचे जनक गायधनी सर' अशी कविता टाकली होती. बाळाजींनी ती वाचली, आणि काय झालं कुणास ठाऊक, संगणक बंद केला. मग कारखान्यात ऑडिट आलं, तेजश्रीची परीक्षा आली. रोज वाटे, उद्या लिहू. महिना गेल्यावर वाटायला लागलं, आता कुठं जुनं उकरायचं? आपण खोटं तर बोललो नाही, प्रश्नच विचारले. अशी समजूत घालताना ती खरी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मार्चमध्ये गावितांचं पत्र आलं. गटावर नाही, त्यांच्या एकट्याच्या पत्त्यावर.

'आदरणीय सर, खाणीविरुद्धच्या आमच्या अर्जाची तहसील कचेरीत सुनावणी झाली. खाणवाल्यांच्या वकिलांनी आपल्या पत्राची छापील प्रत लावली होती. नाशिकच्या मापनतज्ज्ञांनीच हे मोजमाप निरर्थक ठरवले आहे, असे ते म्हणाले. साहेबांनी फाइल बंद केली. आपण अनुभवी आहात, खरे तेच लिहिले असेल. मला एवढेच विचारायचे आहे, की बादलीने मोजताना चूक किती सेकंदांची धरावी? पुढच्या वेळी नीट मोजेन. वणीला रविवारी येतो तेव्हा सायबर कॅफेत पत्र बघतो. आपला, हिरामण गावित.'

बाळाजींनी ते दोनदा वाचलं. उत्तराबाई चहा ठेवायला आल्या, त्यांनी चेहरा पाहून विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि सगळं सांगून बसले. डिसेंबरातलं, समासातल्या हिशेबाचं, संध्याचं.

उत्तराबाईंनी हातातला कप टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्हाला तीन महिने माहीत होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री बाळाजींनी गटावर सविस्तर लिहिलं. आकडे, चूक, फरक, पलीकडचा झरा, सगळं. शेवटी लिहिलं, 'मी मूळ पत्र पूर्ण न वाचता थट्टा केली. गावित यांचे मोजमाप चांगले आहे. मी त्यांची माफी मागतो.' आठवडाभरात तीन उत्तरं आली. एकानं लिहिलं, 'सर, मोठेपणा आहे.' दुसऱ्यानं, 'जुना विषय कशाला?' तिसऱ्यानं नुसतीच हसरी खूण टाकली होती. गटात तेव्हा धूमकेतूंवर जोरदार वाद चालला होता. गावितांनी तर डिसेंबरातच गट सोडला होता. म्हणून बाळाजींनी त्यांना वेगळं लिहिलं, 'एप्रिलच्या मोजणीला मी येतो.'

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पहाटेच बाळाजी वणीमार्गे सुरगाण्याची एसटी पकडून गेले. पिशवीत स्टॉपवॉच होतं आणि खुणा असलेलं दोन लिटरचं काचेचं भांडं. फाट्यावर हिरामण उभे होते. पस्तिशीचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. बाळाजींनी वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं.

"गावित सर, मी तुमची—"

"चला सर, ऊन चढायच्या आत मोजू," हिरामण म्हणाले आणि चालायला लागले.

झरा पाड्याच्या वरच्या अंगाला होता. बांबूच्या पन्हळीतून पाण्याची करंगळीएवढी धार पडत होती. बाजूला हंड्यांची रांग. बायका सरकल्या, मोजायला जागा दिली. बाळाजींनी आधी काचेच्या भांड्यानं बादलीच तपासली. काठापर्यंत पंधरा लिटर आणि वर जेमतेम एक पेला. मग पाच वेळा बादली भरली. बाळाजींच्या हातात स्टॉपवॉच, हिरामणांच्या मनगटावर तेच जुनं घड्याळ. सरासरी एकशे पंच्याऐंशी सेकंद. दोन्ही घड्याळांत फरक एका सेकंदाचा. मोजलेलं पाणी हिरामण दर वेळी रांगेतल्या हंड्यात ओतत होते, थेंब न सांडता.

दगडावर बसून बाळाजींनी कागदावर सगळं लिहिलं, चुकीची मर्यादा लिहिली, 'माझे पूर्वीचे मत मी न मोजता दिले होते' हेही लिहिलं आणि सही केली. पुढं त्या कागदानं फाइल पुन्हा उघडली. खाण बंद व्हायला मात्र आणखी दोन वर्षं लागली, आणि तोवर डोंगराच्या पोटातली वाट अशी काही मोडली होती की झरा नंतर सुधारला, पण पहिल्यासारखा कधीच वाहिला नाही. हे सगळं पुढचं. त्या दिवशी बाळाजी सही करून उठत होते, तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी पुढं आली. हिरामणांची चुलती, भागीबाई.

"हिरामण, ह्ये कोण पाव्हणं?"

"नाशिकचे सर हायेत, काकी. मोजायला आलेत."

"नाशिकचे व्हय?" भागीबाईंनी बाळाजींकडं निरखून पाहिलं. "मंग तुमी सांगा सायेब. तिकडच्याच कोणी कागद लिवला म्हनं, आमची बादली खोटी हाय म्हून. बादली कशी काय खोटी आसंल?"

हिरामणांनी मान वळवली आणि ते डोंगराकडं बघत राहिले. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते, हे बाळाजींना कळलं. गप्प बसणं किती सोपं होतं!

"तो कागद मी लिहिला होता, आजी," बाळाजी म्हणाले.

भागीबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या.

"तुमी आमची बादली पाह्यली व्हती?"

"नाही."

"झरा पाह्यला व्हता?"

"नाही."

"मंग?"

त्या एवढ्याशा शब्दापुढं बाळाजींची मान खाली गेली, आणि नजर भिजलेल्या मातीवरून वर येईना.

मग भांड्याचा आवाज आला. भागीबाईंनी आपल्या हंड्यातून तांब्या भरला होता.

"उन्हाचं आलासा," त्या म्हणाल्या. "घ्या, प्या."

हंडा अजून अर्धाही भरलेला नव्हता. बाळाजींनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. त्यात पाणी किती आणि ते भरायला किती वेळ लागला असेल, हे त्यांना सेकंदात सांगता आलं असतं. ते रांगेसमोर उभ्यानं, हळूहळू, सगळं पाणी प्यायले.