मालकीण

टेप सुरू होताच अधिकाऱ्याने मान वळवली. प्रमोदिनीने नाही. लंडनमधल्या क्रॉयडनच्या कौन्सिल ऑफिसातल्या त्या कोंदट खोलीत पदर खांद्यावर घट्ट धरून ती टीव्हीवरच्या उघड्या अंगांकडे बघत राहिली.

"थांबवा. मागे खिडकीचे पडदे दिसतायत ना? ते मी शिवलेत. ही फिल्म माझ्या नवऱ्याची आहे. त्याच्या नावाचं सेन्सॉर सर्टिफिकेट घरी आहे."

"अशा फिल्मचा मालक आजवर पुढे आला नाही," अधिकारी म्हणाला. "कोर्टात उभं राहावं लागेल. नाव पेपरात येईल."

"स्पेलिंग लिहून देते."

शशिकांत प्रौढांसाठीच्या फिल्म काढायचा आणि लोकांना सांगायचा, इलेक्ट्रिकल सामानाचा धंदा आहे. चौऱ्याऐंशीचा व्हिडिओ टेपांचा कायदा आला तसा तो निमूट कायद्याने चालला. सेन्सॉर म्हणेल तिथे कात्री लावली, लायसन्सवाल्या मोजक्या दुकानांनाच टेपा दिल्या. त्याच टेपांच्या चोरट्या कॉप्या त्याचा जुना पार्टनर चंद्रशेखर आपल्या साध्या व्हिडिओच्या दुकानात काउंटरखालून स्वस्तात विकू लागला. तक्रार करायची, तर फिल्म आपली आहे हे चारचौघांत सांगणं आलं. शशिकांतची तेवढी छाती होणार नाही, हे चंद्रशेखर ओळखून होता. धंदा बुडाला. शशिकांतने अंथरूण धरलं ते धरलंच. अंत्यविधीला सगळ्यात मोठा हार चंद्रशेखर आणि त्याची बायको नंदा यांचा होता. आता चंद्रशेखर इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होता.

गेल्या आठवड्यात त्याच्या दुकानावर धाड पडल्याचं कळलं, आणि प्रमोदिनीने स्वतःहून कौन्सिलला फोन केला होता.

घरी येऊन तिने केंब्रिजला शिकणाऱ्या मुलीला फोन लावला. सगळं ऐकल्यावर सुनीतीने आपल्या मोडक्या मराठीत विचारलं.

"आई, माझा स्कूलचा फी... त्या पैशातून?"

"हो."

"मग आत्ता का सांगते? सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

सुनीतीने फोन ठेवला. प्रमोदिनी रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. मग तिने दुसरा नंबर फिरवला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात चंद्रशेखर उभा होता, कोटाची बटणं चुकीच्या काजांत.

"वहिनी, कौन्सिलचा फोन आला. हे काय केलंत? शशिकांतचं नाव मातीत जाईल."

"जाऊ दे. तुमच्याबरोबर जाईल."

"सुनीतीचा तरी विचार करा."

"केला. तिला सांगितलंय."

आपल्याकडचं शेवटचं अस्त्रही बोथट निघालेलं पाहून त्याने आवाज खाली आणला.

"कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे. दंड भरीन. फक्त नंदाला यातलं काही सांगू नका. तिला वाटतं, धाड हिंदी पिक्चरच्या कॉप्यांसाठी पडली. पाया पडतो तुमच्या."

तो खरोखरच वाकला. प्रमोदिनीने पाय मागे घेतले नाहीत. तो सरळ होईपर्यंत थांबली, आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

"आत या ना, भावजी. नंदा मघाशीच आलीय."