काळी पिशवी नको

मित्रांनो, हॅलिफॅक्समधल्या एका घराच्या माळ्यावर मी एक जुनी निळी बॅग पडून आहे. उंची बासष्ट सेंटिमीटर, रिकामी असताना वजन सव्वातीन किलो, एक चाक किंचित तिरकं. अंगावर बोटभर धूळ आहे आणि तिचा मला अभिमान आहे. का, ते सांगते.

ज्या मुलांना आईवडिलांजवळ राहता येत नाही, त्यांना ग्लेनिस सटक्लिफ आणि तिचा नवरा क्लाइव्ह आपल्या घरी सांभाळतात. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा आपले कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घेऊन आला. दुसऱ्याच दिवशी ग्लेनिसने मला विकत घेतलं. "पोराचे कपडे म्हणजे काय केरकचरा आहे?" असं ती दुकानदारालाच विचारत होती. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

अकरा वर्षांत या घरी नऊ मुलं आली. पहिला सोडून बाकीच्यांना मीच आणलं आणि आठ जणांना पुढे पोचवलं. कुणाला आईकडे, कुणाला मावशीकडे, कुणाला दत्तकघरी. पोचवून मी रिकामी परत यायचे. त्यामुळे जिन्याखालच्या कपाटातून मी बाहेर आले की कुणीतरी निघालं, हे घरातली सगळी मुलं ओळखून असत.

नववी डेमी. वय आठ, शाळेच्या संघाची गोलकीपर.

डेमी आली त्याच वर्षी ग्लेनिसची संस्था बिघडली. या संस्थेमार्फतच मुलं तिच्याकडे येत. पण आता तिथे फोन कुणी उचलेना. चौथी नवी कार्यकर्ती आली, तिने डेमीला 'डेझी' म्हटलं. ग्लेनिसने संस्था बदलायचं ठरवलं. नव्या संस्थेने सगळी चौकशी पहिल्यापासून केली.

"कुत्रा चावतो का, हेही विचारलं," क्लाइव्ह सांगत होता. "म्हटलं, बाई, त्याला जाऊन चार वर्षं झाली. तर म्हणते, बरं, तसं लिहिते."

खरी काळजी वेगळीच होती. डेमी जुन्या संस्थेमार्फत आली होती. ती इथेच राहणार की नाही, हे नगरपालिका ठरवणार होती. आणि या कामातल्या माणसांचा एक नियम असतो, तो मुलांनाही ठाऊक असतो. हातात कागद येईपर्यंत मुलाला शब्द द्यायचा नाही. सहा आठवडे ग्लेनिस डेमीपाशी याबद्दल काहीच बोलली नाही.

मंगळवारी कागद आला. डेमी राहणार होती. संध्याकाळी जेवताना सांगू, असं ठरवून ग्लेनिस बटाटे सोलायला बसली. त्याआधी तिने मला कपाटातून काढलं, जुन्या संस्थेला परत करायच्या फायली माझ्यात भरल्या आणि मला दाराशी उभं केलं. तिच्यासारख्या जाणत्या बाईच्या हातून एवढीच चूक झाली.

साडेतीनला डेमी शाळेतून आली. तिने मला पाहिलं. फायली बाहेर काढल्या, कडेला कड लावून पायरीवर रचल्या. मग वर जाऊन जर्सी, हातमोजे आणि दातांचा ब्रश आणून माझ्यात ठेवला. ब्रशला टोपण लावलेलं होतं.

ग्लेनिस ओल्या हातांनी बाहेर आली. "हे काय गं?"

"तू चुकून कागद भरलेस," डेमी म्हणाली. "माझं मी भरते. मला काळी पिशवी नको."

ग्लेनिस फायली बाजूला सारून पायरीवर बसली. "अगं वेडे, संस्था चाललीय. तू नाही."

"मग ही कुणासाठी काढलीस?"

"फायलींसाठी. चुकलंच माझं. आधी तुला सांगायला हवं होतं."

"कागद आलाय?"

"आलाय."

"दाखव."

डेमीने तो कागद अक्षरन् अक्षर वाचला, आपलं नाव बरोबर लिहिलंय का तेही पाहिलं. मग माझ्यातून जर्सी काढली, हातमोजे काढले आणि ब्रश घेऊन वर गेली. तेवढ्यात क्लाइव्हने स्वयंपाकघरातून कचऱ्याची काळी पिशवी आणली आणि एकेक फाइल तिच्यात टाकली.

"यात पाठवायच्या?" ग्लेनिस म्हणाली.

"त्यांना कुठे काही वाटतंय?"

मित्रांनो, त्याच आठवड्यात डेमीने हट्ट धरून मला माळ्यावर चढवायला लावलं. शिडी तिनेच धरली होती. "अजून आत. अगदी भिंतीला," ती खालून सांगत होती.

तुमच्या घरी कुणाची बॅग काढाल, तर आधी त्या माणसाला सांगा आणि मगच काढा. कपडे नीट घडी घालून भरा. माझं म्हणाल, तर याला तीन वर्षं झाली. अजून मला कुणी खाली काढलेलं नाही.