दोन थेंब तेल

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुना रबरी बुश आहे. मोटारीचे पुढचे चाक ज्या लोखंडी दांड्याच्या आधाराने उभे असते, त्याला आर्म म्हणतात. तो आर्म गाडीला जिथे जोडलेला असतो, त्या सांध्यात मी बसतो. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये मी. दोघांच्या मध्ये बसणे ज्याच्या नशिबी आले, त्याला सुखाची झोप कुठली? माझा उभा जन्म काळजीत गेला.

भोसरीच्या एका कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो आणि एका पांढऱ्या मोटारीत बसवला गेलो. ती मोटार श्यामसुंदररावांनी घेतली. ते शाळेत गणित शिकवत. कोथरूडला त्यांच्या सोसायटीमागे तेव्हा अजून ज्वारीचे शेत होते. पेठांतले खड्डे, उंचसखल फरश्या, रस्ता खणून तसाच बुजवलेले चर, सगळे मी पोटात घेतले. "श्याम, गाडी कशी लोण्यासारखी चालते रे!" असे पाहुणे म्हणत. कौतुक गाडीचे होई, चालवणाऱ्याचे होई. माझे नाव कोणी घेतले नाही. वाईट वाटे, खोटे कशाला सांगू? पण नाव निघत नाही त्या अर्थी सारे ठीक असावे, अशी मी मनाची समजूत घाली.

वर्षे गेली. ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, श्यामसुंदरराव निवृत्त झाले आणि मी कडक होत चाललो. माझ्या कडांना चिरा पडल्या. गतिरोधक आला की मी कुरकुरू लागलो. माझे वय झाले, आता मला बदला, एवढेच मी विनवत होतो.

पण त्या घरात कुरकुरीवर एकच औषध होते. श्यामसुंदररावांपाशी शिवणयंत्राची लांब चोचीची तेलकुपी होती. दाराची बिजागरी वाजली, घाल तेल. झोपाळ्याची कडी वाजली, घाल तेल. दर रविवारी सकाळी ही फेरी निघे. त्यांच्या पत्नीचा, सरोजिनीबाईंचा, गुडघा दुखू लागला तेव्हाही त्यांनी मोठ्या प्रेमाने गरम तेलाची वाटी पुढे केली होती. "लाव, बरं वाटेल." त्या लावत राहिल्या आणि पुढे त्यांनी गुडघ्याचे नाव काढणेच सोडले. त्यांना बसची पायरी चढवत नसे, म्हणून कुठे जायचे तर याच गाडीने.

एका रविवारी श्यामसुंदरराव गोणपाट अंथरून गाडीखाली सरकले आणि कुपीची चोच माझ्या कुशीत खुपसली. दोन थेंब. मी गप्प झालो. त्यांना कोण आनंद! शेजारचे शरच्चंद्र जिन्यावरून म्हणाले, "काय सर, गाडीला अभ्यंग चाललंय? थोडं एरंडेल पाजून बघा, पोटही साफ राहील."

"आवाज गेला की नाही, ते बघा," सर म्हणाले.

आवाज गेला होता हे खरे. पण मित्रांनो, मी रबर! तेल हे माझे औषध नव्हे. दर रविवारी ते माझ्यात मुरत गेले. मी फुगलो, मऊ पडलो, माझी पकड सुटू लागली. ओरडावे तर गळ्यातून शब्द फुटेना. माझ्या गप्प बसण्याने वरची माणसे निर्धास्त झाली होती आणि मी खाली भीतीने अर्धा झालो होतो.

अशातच सासवडला जायचे ठरले. सरोजिनीबाईंची धाकटी बहीण विजयमाला तिथे राहते. सासवड म्हणजे दिवे घाट. वळणे, चढउतार, समोरून येणारे ट्रक. ब्रेक दाबला की सगळा भार माझ्यावर येतो, आणि मला तर आर्म धरवत नव्हता. तो सरकला तर चाक तिरके पळणार आणि गाडी कठड्याकडे जाणार. गाडीत दोन म्हातारी माणसे.

निघालो. हडपसर मागे पडले. प्रत्येक ब्रेकला आर्म थोडा हलत होता आणि खालून 'खट' असा आवाज येत होता. सरोजिनीबाई म्हणाल्या, "अहो, खाली काहीतरी सुटल्यासारखं वाटतंय."

"आज तेल घालायचं राहिलं ना. परत आल्यावर घालतो."

घाटाच्या पायथ्याशी वडकी लागते. तिथल्या गतिरोधकावर गाडी जोरात आदळली आणि सरोजिनीबाईंच्या मांडीवरची लोणच्याची बरणी कलंडली. तेल थेट साडीवर. बहिणीसाठी घातलेले लोणचे ते! त्यांनी झाकण काढून त्याचे रबर बोटाने चाचपले. ते फुगून सैल झाले होते.

"बघा, गेल्या वर्षी कसं घट्ट बसत होतं. तेलानं पार वाट लागली." मग त्या थांबल्या. "अहो, तुम्ही दर रविवारी खाली ज्याला तेल घालता, ते कशाचं असतं?"

श्यामसुंदररावांनी गाडी हळू केली. घाटाचे पहिले वळण समोर दिसत होते.

"रबराचं," ते म्हणाले.

"मग आधी गाडी थांबवा."

"अगं, विजयमाला जेवायची थांबली असेल."

"थांबू दे. आपण पोचलोच नाही तर किती वेळ थांबेल?"

गाडी बाजूला लागली. जवळच मच्छिंद्र मिस्त्रींचे गॅरेज होते. ते खाली वाकले, मला बोटाने दाबले आणि म्हणाले, "काका, ह्यो बुश हाय का पेढा? नशीब, घाटात नाय गेला."

श्यामसुंदररावांनी नवा बुश हडपसरहून आणवला. मला दाबयंत्राखाली धरून बाहेर काढले, तेव्हा कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. नवा बुश माझ्या जागी बसला. मिस्त्रींनी गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी केली आणि मगच बोल्ट आवळले. लोंबकळत्या गाडीत आवळले तर रबराला पीळ बसतो म्हणे. माझ्या वारसाला निदान सुरुवात तरी चांगली मिळाली. दोघे सासवडला उशिरा पोचली, पण पोचली.

मला मात्र भंगारात टाकले नाही. श्यामसुंदररावांनी मला रुमालात गुंडाळून घरी आणले आणि फळीवर तेलकुपीशेजारी ठेवले. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कोणी कुरकुरले तर त्याला घाईने गप्प करू नका. कुठे दुखते ते विचारा. आणि कुरकुरणारा एकाएकी गप्प झाला, तर जास्त काळजी करा.

परवा श्यामसुंदरराव तेलाची वाटी घ्यायला फळीपाशी आले. सरोजिनीबाई नेहमीसारख्या काही न बोलता भिंतीला धरून चालत होत्या. सरांचा हात वाटीवर गेला आणि नजर माझ्यावर पडली. वाटी तिथेच राहिली.

"सरोजिनी," ते म्हणाले, "गुडघा अजून दुखतो का गं?"

त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"फार दुखतो हो," त्या म्हणाल्या.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."